सुरगाठ आणि निरगाठ : शोकांत नाटकाची घडण

मोहोळ आणि आसपासच्या गावांतून सोलापूरच्या हुतात्मा स्मृतिमंदिरात एखादे गाजलेले नाटक पाहण्यासाठी जी मंडळी जातात, ती दिवसभरातली रानाची, दुकानाची किंवा कचेरीची कामे आवरून, तिकिटाचे पैसे मोजून आणि परतीच्या गाडीची काळजी उराशी बाळगून जातात; आणि त्या रात्रीचे नाटक जर ‘नटसम्राट’ असेल, तर अखेरच्या प्रवेशात कोणी पदराने, कोणी रुमालाने, तर कोणी सदऱ्याच्या बाहीनेच डोळे टिपीत बसतात. एवढे रडून बाहेर पडल्यावर पैसे फुकट गेले असे त्यांतले कोणी म्हणत नाही. उलट नाटक फार चांगले झाले असाच अभिप्राय ऐकू येतो, आणि मनावरचे काही ओझे उतरल्याचे समाधान बोलण्यातून उमटत राहते. अवर्षणाच्या या मुलखात दुःखाची वाण कधीच नव्हती. घरोघरी जे फुकट आणि मुबलक आहे, तेच दुसऱ्याच्या घरातले पाहण्यासाठी माणसाने पदरमोड का करावी, आणि ते पाहून त्याला हलके का वाटावे, हे कोडे पुरातन आहे.

या कोड्याला आणखी एक बाजू आहे. पुणे-सोलापूर महामार्गावरील अपघाताची बातमी सकाळी वर्तमानपत्रात वाचताना आपण हळहळतो. रंगभूमीवर मरणाऱ्या एका कल्पित म्हाताऱ्यापेक्षा त्या बातमीतली हानी कितीतरी मोठी आणि सर्वस्वी खरी असते. तरीही नाटकाने जो पालट मनात होतो, तो त्या बातमीने होत नाही. दुःखाच्या परिमाणावर जर सारे अवलंबून असते, तर याच्या नेमके उलट घडावयास हवे होते. तेव्हा दुःख किती आहे यापेक्षा ते कसे उद्भवले आणि कोणत्या क्रमाने आपल्यापुढे मांडले गेले, यातच शोकांत नाटकाचे रहस्य असले पाहिजे. त्या मांडणीची अंगे एकेक करून पाहू.

मंगळवेढ्याच्या तीन कथा

मोहोळाहून कुरुल आणि कामती मागे टाकून बेगमपुराजवळ भीमा ओलांडली, की माचणूर लागते आणि पुढे मंगळवेढे. संतांच्या या गावाने आपल्या कीर्तनकारांना तीन कथा दिल्या आहेत. तिन्हींत संकट आहे, तिन्हींत श्रोत्यांचे डोळे पाणावतात, आणि तरीही नाट्यशास्त्राच्या काट्यावर त्या तिन्हींचे वजन वेगवेगळे भरते.

पहिली कथा संत चोखामेळ्याची. मंगळवेढ्याच्या तटाचे काम चालू असताना ती भिंत कोसळली आणि तिच्याखाली इतर मजुरांबरोबर चोखोबांचाही अंत झाला. वर्ष १३३८. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास नेल्या, आणि ज्या मंदिरात जन्मभर त्यांना पाऊल टाकू दिले गेले नाही, त्याच्या महाद्वारासमोर त्यांची समाधी झाली. या कथेतले दुःख खोल आहे, आणि त्याच्या मागे उभा असलेला अन्याय त्याहूनही खोल आहे. परंतु ती भिंत चोखोबांच्या कोणत्याही निर्णयामुळे पडली नाही. त्यांनी अमुक केले असते किंवा टाळले असते तर हा अंत टळला असता, असे म्हणावयास जागा नाही. ही आपत्ती आहे, आणि समाजावरचा आरोपही आहे. शोकांत नाटकाचे कथानक मात्र ती होत नाही.

दुसरी कथा दामाजीपंतांची. बेदरच्या बादशहाच्या अंमलात मंगळवेढ्याचा कारभार पाहणाऱ्या या अंमलदाराने दुष्काळात अन्नान्न करणाऱ्या रयतेसाठी सरकारी धान्याची कोठारे हुकुमावाचून खुली केली. मुजुमदाराने बेदरास चुगली कळविली, पंतांना पकडून आणण्याचा हुकूम सुटला, आणि ते शिपायांच्या पहाऱ्यात निघाले. येथपर्यंतची मांडणी पाहिली तर शोकांत नाटकाला लागणारे बहुतेक सामान जमले आहे: थोर पुरुष, त्याचा स्वतःचा निर्णय, त्या निर्णयातले औदार्य, आणि त्याच औदार्यातून ओढवलेले संकट. पण इतक्यात साक्षात विठ्ठल विठू महाराचे रूप घेऊन दरबारात पोहोचतो, धान्याची किंमत भरून पावती घेतो, आणि ती पावती पंतांना आपल्या गीतेच्या पोथीत सापडते. भक्तीचा महिमा सांगणाऱ्या आख्यानाचा शेवट असाच व्हावयास हवा. शोकांत नाटकात मात्र बाहेरून कोणी पैसे भरावयास येत नाही. केलेल्या कर्माचा हिशेब कर्त्यालाच चुकता करावा लागतो.

तिसरी कथा कान्होपात्रेची. नायकिणीच्या पोटी जन्मलेल्या या मुलीने देहविक्रयाचा मार्ग नाकारला. बादशहाचे बोलावणे आले तेव्हा शेवटचे दर्शन मागून तिने पंढरीच्या गाभाऱ्यात देह ठेवला. येथे स्वतःचा निर्णय आहे, आणि त्याचे फळ म्हणून मृत्यूही आहे. पण तो मृत्यू तिने जाणून मागितलेला आहे. ती जे इच्छिते ते तिला मिळते. म्हणूनच १९३१ साली बालगंधर्वांनी ‘संगीत कान्होपात्रा’ रंगभूमीवर आणले, तेव्हा प्रेक्षकांनी अश्रू ढाळले ते पराभवासाठी नव्हेत.

या तीन कथा शेजारी ठेवल्या की चौथ्या प्रकारची जागा आपोआप मोकळी दिसू लागते: जिच्यात माणूस स्वतःच्या हाताने, स्वतःच्या चांगल्या गुणांच्याच प्रेरणेने एखादे पाऊल उचलतो, ते पाऊल त्याला त्याने कधीही न इच्छिलेल्या विनाशाकडे नेते, आणि सोडवावयास कोणी येत नाही. शोकांत नाटकाचे ठाणे त्या जागेत आहे.

ॲरिस्टॉटलने मोजलेली सहा अंगे

या प्रकाराची पहिली पद्धतशीर तपासणी इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात ॲरिस्टॉटल या ग्रीक तत्त्ववेत्त्याने आपल्या काव्यशास्त्रावरील ग्रंथात केली. अथेन्स नगरात वसंत ऋतूत डायोनिसस देवतेचा मोठा उत्सव भरे. आपल्याकडे मोहोळात नागनाथाच्या यात्रेला जसा सारा गाव लोटतो तसे सारे नगर तेव्हा डोंगरउतारावरच्या प्रेक्षागारात लोटे, आणि नाटककारांची तेथे रीतसर स्पर्धा चाले. त्या नाटकांचा अभ्यास करून ॲरिस्टॉटलने शोकांत नाटकाची सहा अंगे सांगितली: कथानक, स्वभावरेखन, विचार, भाषा, संगीत आणि दृश्य.

यांतली अखेरची दोन अंगे मराठी प्रेक्षकाला निराळी समजावून द्यावयास नकोत, कारण नाट्यगीत आणि रंगवलेले पडदे यांच्यावरच आपली रंगभूमी वाढली. भाषा म्हणजे पात्रांच्या मुखातली शब्दयोजना, आणि विचार म्हणजे आपली बाजू मांडताना पात्र जो युक्तिवाद करते तो. स्वभावरेखन म्हणजे पात्र कोणत्या प्रसंगी काय निवडते, यावरून प्रकट होणारा त्याचा पिंड. या सर्वांवर ॲरिस्टॉटल कथानकाला बसवितो आणि त्याला शोकांत नाटकाचा आत्मा म्हणतो. कथानक म्हणजे नुसती गोष्ट नव्हे. एका घटनेनंतर दुसरी घडणे वेगळे आणि एकीमुळे दुसरी घडणे वेगळे, आणि हा ‘मुळे’ जेथे पहिल्या अंकापासून शेवटपर्यंत अखंड टिकतो, तेथेच कथानक सिद्ध होते.

नायक कसा असावा, याविषयीही त्याचा निर्णय विचार करण्याजोगा आहे. सर्वथा निर्दोष सज्जनाचा नाश दाखविला तर प्रेक्षकाला चीड येते. निव्वळ दुष्टाचा नाश दाखविला तर न्याय झाल्याचे समाधान होते, करुणा वाटत नाही. आणि दुष्टाचा उत्कर्ष दाखविला तर यांतले काहीच साधत नाही. म्हणून नायक या टोकांच्या मधला, आपल्यासारखाच पण आपल्याहून काहीसा उंच असावा, आणि त्याचा नाश दुष्टपणामुळे न होता त्याच्या हातून घडलेल्या एखाद्या मोठ्या प्रमादामुळे व्हावा, असे त्याने सांगितले.

गाठ कशी आवळते

हा प्रमाद म्हणजे काय, हे नीट कळल्याखेरीज पुढची पायरी चढता येत नाही. ज्वारीच्या पोत्याचे तोंड सुतळीने बांधताना हमाल सुरगाठ मारतो; योग्य टोक ओढले की ती क्षणात सुटते. पण अनोळखी माणसाने उतावीळपणे दुसरेच टोक ओढले, तर तीच सुरगाठ निरगाठ होऊन बसते. आणि मग सोडविण्यासाठी तो जितका अधिक जोर लावील, तितकी ती अधिकच आवळत जाते. शोकांत नाटकाच्या नायकाची अवस्था हुबेहूब अशी असते. तो आळशी नसतो, भित्रा नसतो, मुद्दाम वाईट करणारा तर नसतोच. गाठ सोडविण्याची त्याची धडपड खरी असते. मात्र त्याच्या स्वभावाला जे टोक हाताशी लागते, तेच नेमके चुकीचे असते, आणि त्याचे सामर्थ्य त्याच्याच गळ्याभोवतीचा फास ओढू लागते.

राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकात ही क्रिया डोळ्यांसमोर घडते. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे निवर्तले, आणि त्यानंतर महिना होण्यापूर्वीच, २० फेब्रुवारीस, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात या नाटकाचा पहिला प्रयोग केला. बालगंधर्व सिंधू झाले होते आणि गणपतराव बोडस सुधाकर. हा सुधाकर बुद्धिमान आहे, वकिलीत नाव मिळविलेला आहे, पत्नी सिंधूवर त्याचे प्रेम आहे, आणि कोणापुढे मान तुकवावयाची नाही हा त्याचा बाणा आहे. याच बाण्याच्या बळावर तो वर आला. तो त्याचा दुर्गुण नाही, त्याच्या मोठेपणाचा पायाच आहे.

आता क्रम पाहा. भर कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो. दुसरा एखादा वकील जेथे घोट गिळून गप्प बसला असता, तेथे सुधाकराला ते साधत नाही, आणि काही काळापुरती त्याची सनद जाते. अपमानाची आग विझत नाही, म्हणून तळीराम या दारूबाजाच्या सांगण्यावरून पहिला प्याला ओठांना लागतो. त्यात हेतू दुःख विसरण्याचा आहे, व्यसनाचा नाही. व्यसन जडल्यावर सिंधूच्या माहेरचे लोक हात पुढे करतात, पण दुसऱ्याच्या पैशावर जगणे त्याला हीनपणाचे वाटते, आणि सिंधू दळणकांडण करून घर चालवू लागते. पुढे त्याला पश्चात्ताप होतो, तो दारू सोडतो, काम मागावयास निघतो. पण कालपर्यंत बरोबरीने वागलेल्यांनी तोंडावर केलेली अवहेलना त्याच्या मानी मनाला पुन्हा सोसत नाही, आणि सुटत आलेला प्याला परत हाती येतो. प्रत्येक पायरीवर तो जे करतो ते त्याच्या स्वभावाशी इमान राखून करतो, आणि प्रत्येक पायरीला गाठ एक पीळ अधिक घेते. दारूबंदीचा प्रचार करणारी नाटके नंतर पुष्कळ झाली आणि विसरलीही गेली. ‘एकच प्याला’ टिकून राहिले, कारण त्यातला प्याला निमित्तमात्र आहे, कारण नायकाच्या अंतर्यामी आहे.

उलटणे आणि ओळखणे

गाठ पुरती बसल्यानंतर कथानकात दोन क्षण यावे लागतात. पहिला विपर्यासाचा: जी कृती एका हेतूने केली, तिचेच फळ हेतूच्या अगदी उलट निघते. सोफोक्लीसच्या ‘राजा इडिपस’ या नाटकात परदेशातून एक निरोप्या येतो. राजाच्या मनातली एक जुनी भीती नाहीशी करावी म्हणून तो त्याच्या जन्माचे खरे वृत्त सांगू लागतो, आणि ज्या वृत्ताने समाधान व्हावयाचे त्यानेच राजाचा सर्वनाश उघड होतो. दुसरा क्षण अभिज्ञानाचा, म्हणजे ओळख पटण्याचा: आपण कोण आहोत आणि आपण काय करून बसलो, हे नायकाला कळते. ॲरिस्टॉटलच्या मते हे दोन्ही क्षण एकाच वेळी यावेत, यात कथानकाची सर्वांत मोठी शोभा आहे.

अभिज्ञान हा शब्द मराठी वाचकाला कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतला’मुळे परिचित आहे, आणि तेथेच शोकांत व सुखांत नाटकांमधली सीमारेषा सुस्पष्ट होते. दुष्यंतालाही आपली चूक अंगठी पाहून कळते, त्याचाही शोक तीव्र आहे. पण सहाव्या अंकात ओळख पटल्यावर सातवा अंक शिल्लक असतो, शकुंतला जिवंत असते, आणि झालेले निस्तरता येते. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’त करुण रसाचा महापूर असूनही अखेरीस राम आणि सीता एकत्र येतात. संस्कृत रंगभूमीचा सामान्य दंडक असाच होता. भासाच्या नावावर असलेले ‘ऊरुभंग’, ज्यात मांड्या मोडलेला दुर्योधन रंगभूमीवरच प्राण सोडतो, हा त्याचा ठळक अपवाद. तात्पर्य, शोकांत नाटकात ज्ञान येते, पण ते वेळ टळून गेल्यावर येते. कळणे आणि काही करता येणे या दोहोंमध्ये जी फट राहते, तीतूनच शोक वर येतो.

‘एकच प्याल्या’चा शेवट या दृष्टीने पुन्हा वाचावा. नशेत सुधाकराच्या हातून तान्हे मूल जाते आणि सिंधूवरही जीवघेणा आघात होतो. शुद्ध येते तेव्हा सर्व संपलेले असते. फौजदार जबानी घ्यावयास येतो, आणि मरणाच्या दारातली सिंधू नवऱ्याला वाचविण्यासाठी आपण पडलो असे सांगते. कायद्याच्या दृष्टीने सुधाकर तेथे सुटला. पण आतून त्याला जे कळून चुकले आहे, त्याला ही जबानी पुसू शकत नाही, उलट तिच्या क्षमेनेच ते असह्य होते, आणि तो अखेरच्या प्याल्यात विष घेतो. बाहेरून आलेली सुटका सुधाकराच्या उपयोगाची नाही. दामाजीपंतांच्या पोथीतली पावती आणि सिंधूची ही जबानी शेजारी ठेवून पाहिली, म्हणजे आख्यान आणि शोकांत नाटक यांची प्रकृती किती भिन्न आहे ते ध्यानात येते.

थोर राजे ते निवृत्त नट

मराठीत ही घडण एका दिवसात आली नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले, त्या पौराणिक खेळांत दैत्याचा वध आणि देवाचा विजय ठरलेला होता. विनायक जनार्दन कीर्तन्यांच्या ‘थोरले माधवराव पेशवे’ या १८६१ सालच्या नाटकाने प्रथमच मराठी प्रेक्षकाला नायकाच्या मृत्यूवर पडदा पडताना दाखविला. परंतु माधवरावांचा अंत क्षयाने झाला, त्यामुळे शेवट शोकाचा असला तरी प्रमादाची गाठ तेथे नाही. ती गाठ आपल्याकडे आणली ती शेक्सपिअरच्या रूपांतरांनी. आगरकरांचे ‘विकारविलसित’ १८८३ साली ‘हॅम्लेट’वरून उतरले, तर गोविंद बल्लाळ देवलांचे ‘झुंझारराव’ १८९० साली ‘ऑथेल्लो’वरून. गडकऱ्यांनी हीच घडण राजवाड्यातून काढून वकिलाच्या घरात आणली, आणि राजा असल्याखेरीज शोकांत नायक होता येत नाही हा समज मोडला.

पुढे अर्धशतकाने, २३ डिसेंबर १९७० रोजी, मुंबईच्या बिर्ला मातुश्री सभागारात गोवा हिंदू असोसिएशनने वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग केला; दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, श्रीराम लागू अप्पा बेलवलकर झाले होते आणि शांता जोग अप्पांची पत्नी कावेरी. या नाटकाला १९७४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शेक्सपिअरच्या ‘राजा लिअर’ची छाया त्यावर असली, तरी घर अस्सल मराठी आहे. आयुष्यभर राजे-महाराजे रंगविलेला हा नट निवृत्त होताना मिळकत मुलामुलीत वाटून टाकतो. समोरचे ताट द्यावे, पण बूड टेकण्याचा पाट राखावा, हे शहाणपण आपल्या खेड्यांतली कोणतीही म्हातारी सांगेल, आणि कावेरीलाही ते कळते. पण अप्पांना राखून ठेवणे ठाऊकच नाही. रंगभूमीवर त्यांनी स्वतःला कधी राखून ठेवले नाही, म्हणून तर ते नटसम्राट झाले. संसारातही त्यांनी तसेच केले, म्हणून ते रस्त्यावर आले. मुलाच्या घरी त्यांच्या मोकळ्या बोलण्याची अडचण होते, लेकीच्या घरी तर चोरीचा संशय येतो. त्यांना बाहेर काढणारी माणसे राक्षस नाहीत, हे शिरवाडकरांनी कटाक्षाने सांभाळले आहे. सूनही आपल्या घराच्या शिस्तीपुरती बरोबर असते. ती निव्वळ दुष्ट असती तर प्रेक्षक तिच्यावर दात खाऊन मोकळा झाला असता, आणि रडण्याऐवजी संतापून घरी गेला असता.

अश्रूंचे काम

आता मूळ कोड्याकडे वळू. ॲरिस्टॉटल म्हणतो की शोकांत नाटक करुणा आणि भीती या दोन भावना जागवते आणि त्यांचे विरेचन करते. करुणा वाटते ती अशासाठी, की नायकाला त्याच्या योग्यतेहून फार मोठी शिक्षा होते. आणि भीती वाटते ती अशासाठी, की तो आपल्यासारखाच असतो. या दोहोंतली एक जरी नसली तरी परिणाम साधत नाही. केवळ करुणा असेल तर आपण उंचावरून कीव करतो. केवळ भीती असेल तर आपण तोंड फिरवितो.

विरेचनाचा अर्थ पंडितांनी दोन प्रकारे लावला आहे. काहींच्या मते वैद्य जसे शरीरातील साचलेले दोष बाहेर काढतो, तसे नाटक मनात कोंडलेले भाव वाहून नेते; काहींच्या मते ते या भावनांना स्वच्छ करते, म्हणजे कोणाविषयी, कशासाठी आणि किती हळहळावे हे मनाला शिकविते. माझ्या मते दुसरा अर्थ अधिक समर्पक आहे. नुसते रडून मन हलके होत असते तर घरच्या दुःखानेही झाले असते. पण घरच्या दुःखात कारणे धूसर असतात, राग कोणावर काढावा ते कळत नाही, आणि आपण स्वतःच त्यात गुंतलेले असतो. नाटकात तीन तासांत कारणांची साखळी पहिल्या दुव्यापासून शेवटच्या दुव्यापर्यंत उजेडात येते.

आपल्या परंपरेने हेच निराळ्या वाटेने सांगितले. भरताच्या नाट्यशास्त्रात शोक हा स्थायी भाव आणि करुण हा रस, असा भेद आहे. शोक जगात असतो, रस नाटकात. काश्मिरी आचार्य अभिनवगुप्ताने, सुमारे हजार वर्षांपूर्वी, या भेदाचे कारण साधारणीकरणात दाखविले: रंगभूमीवरचे दुःख ना माझे, ना शत्रूचे, ना शेजाऱ्याचे; ते व्यक्तीच्या मालकीतून सुटते आणि मनुष्यमात्राचे होते, म्हणून प्रेक्षक त्याच्याजवळ जाऊ शकतो आणि तरीही त्यात बुडत नाही. अप्पा बेलवलकरांसाठी रडताना मोहोळचा शेतकरी आपल्या बापासाठी, आपल्या स्वतःच्या म्हातारपणासाठी, आणि कदाचित आपण आईला तोडून बोललो त्या एका संध्याकाळसाठीही रडत असतो. परंतु ते रडणे त्याला आतून झोडपीत नाही, समजावीत असते.

थोडक्यात : शोकांत नाटक ओळखण्याच्या खुणा

- नायक : ना देव ना दैत्य, आपल्यासारखा, पण एखाद्या गुणाने मोठा.
- प्रमाद : नायकाच्या मोठेपणाच्याच मुळाशी असलेली, त्याच्या हातून घडलेली चूक.
- कारणपरंपरा : प्रत्येक घटना मागच्या घटनेमुळे, योगायोगाला फार तर सुरुवातीला जागा.
- विपर्यास : सुटण्यासाठी केलेल्या कृतीनेच गाठ आवळणे.
- अभिज्ञान : सत्य कळणे, पण निस्तरण्याची वेळ टळून गेल्यावर.
- परिणाम : करुणा आणि भीती एकत्र, रडून झाल्यावर मनाला आलेली स्पष्टता.

हा भेद कशासाठी जपावा

कोणी म्हणेल की रडू आले म्हणजे झाले, मग ते अपघाताने आले की प्रमादाने, याची इतकी चिकित्सा कशाला? मला ती अगत्याची वाटते, आणि केवळ नाटक पाहण्यासाठी नव्हे. अपघात, अन्याय आणि शोकांतिका या तिन्ही गोष्टी आपल्याकडून निरनिराळे कर्तव्य मागतात. अपघातग्रस्ताला मदत हवी असते, तीही तत्काळ. अन्याय झालेल्याला दाद हवी असते. चोखोबांच्या मृत्यूपाशी नुसते दैवाचा खेळ म्हणून उसासा टाकणे, म्हणजे ज्या व्यवस्थेने त्यांना जन्मभर देवळाच्या बाहेर ठेवले तिला निर्दोष सोडणे होय. शोकांतिका मात्र समजून घ्यावी लागते, कारण तिथे शिक्षा करावयास कोणी दुष्ट नसतो आणि वाचवावयास वेळ उरलेला नसतो. रस्त्यावर खड्डे बुजविले नाहीत म्हणून जीव गेला आणि आपण त्याला शोकांतिका म्हटले, तर ज्याचे काम ते बुजविण्याचे होते तो आपल्या हळहळीच्या आडोशाला सुखरूप बसतो. उलट, मानी स्वभावामुळे भावाभावांत अबोला धरून वाड्याच्या भिंती पाडणारे घर आपण एकाला खलनायक ठरवून निकालात काढले, तर त्या घराला आणि आपल्यालाही काहीच शिकता येत नाही.

यात्रेच्या निमित्ताने आपल्या गावांतून हौशी मंडळी नाटके बसवितात, शाळांच्या स्नेहसंमेलनांत मुले नटसम्राटाची स्वगते म्हणतात. त्यांना शिकविणाऱ्या गुरुजींना आणि बाईंना माझी एवढीच विनंती आहे, की आवाज कोठे चढवावा आणि कोठे गहिवरावे हे सांगण्यापूर्वी मुलांना एक प्रश्न विचारावा: या माणसाला ही गाठ सोडविता आली असती असा शेवटचा क्षण कोणता, आणि तेव्हा त्याने दुसरे टोक का ओढले? कोणी सुधाकराच्या कोर्टातल्या प्रसंगावर बोट ठेवील, कोणी पहिल्या प्याल्यावर, कोणी नोकरी मागावयास निघालेल्या दिवसावर. उत्तरे वेगवेगळी येतील आणि वाद होईल. त्या वादात मुले स्वभाव आणि परिणाम यांचा संबंध जोखावयास शिकतील, आणि रागावण्याआधी कारण शोधण्याची सवय ज्यांना लागली, त्यांच्या घरात काही गाठी तरी वेळेवर सुटतील.